गाय वाळली अन् बोट गेलं जंगलाकडे

आमच्या गावात गाय वाळायला लागली की कारणं तीनच, पोटात जंत, कोणाची तरी नजर, नाहीतर जंगल. मागच्या वर्षी आमच्या लाल जर्सीचं असंच झालं. खाणं चालू, ढेप चालू, सोयाबीनचं कुटार समोर पडलेलं, तरी बरगड्या मोजता येतील अशी हालत, अन् सकाळी कोठ्यात गेलं की एक ओलसर खोकला, दिवसातून चार-पाच वेळाच पण रोज. शेजारचे काका कुंपणावरून बघून म्हणाले, "हे जंगलातली बिमारी हाय बाप्पा. रातच्याले रोही येतेत ना तुह्या वावरात, त्यायनंच आणली." रोही म्हणजे नीलगाय. आम्ही ताडोबाच्या बफरला लागून राहतो, आमच्याकडे वाघ तिकडूनच येतो, डुक्कर तिकडूनच येतं, मग बिमारीही तिकडूनच आली असणार हे इथं कोणालाही पटतं. मलाही पटलं होतं.

जंताचं औषध झालं, ताकदीची इंजेक्शनं झाली, महिनाभर पैसा गेला, मग एक डॉक्टर आले त्यांनी गायीच्या मानेखालची गाठ दाबून पाहिली, खोकला ऐकला अन् पहिला प्रश्न विचारला की ही गाय घरची का विकतची. विकतची. दोन वर्षाआधी बाजारातून आणलेली, पासष्ट हजाराला, ट्रकमधून उतरलेली. ट्रक कुठून आला ते मी तेव्हा विचारलं नव्हतं, दूध किती देते तेवढंच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले टीबीची टेस्ट करून घेऊ.

गायीला टीबी होतो हेच आमच्या अर्ध्या गावाला माहीत नव्हतं. म्हणून हे लिहितोय, जेवढं त्या डॉक्टरांकडून अन् नंतर वाचून समजलं तेवढं.

माणसाला जो टीबी होतो त्याच खानदानातला हा जंतू आहे. माणसाच्या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, गायीच्याचं मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, सख्खे चुलत भाऊ म्हणा. रॉबर्ट कॉकनं टीबीचा जंतू जगासमोर ठेवला तो १८८२ मध्ये, २४ मार्चला, म्हणून तो दिवस जागतिक क्षयरोग दिन. पण याच मोठ्या माणसानं पुढं १९०१ साली लंडनमध्ये सांगून टाकलं की गायीच्या टीबीची माणसानं फार काळजी करायचं कारण नाही. इंग्रज सरकारनं त्यावर आयोग बसवला, दहा वर्षं काम चाललं अन् निघालं उलटंच, गायीचा जंतू दुधातून माणसात येतो, जास्त करून लहान पोरांत. म्हणजे चूक फक्त आमच्या काकांची होते असं नाही.

आणखी गंमत म्हणजे आपल्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, जो वण असतो ना, ती लस गायीच्याच जंतूपासून बनलेली आहे. काल्मेत अन् गेरँ या दोन फ्रेंच माणसांनी गायीपासून मिळालेला बोव्हिस घेतला अन् बटाट्याच्या कापांवर, गुराच्या पित्तात भिजवून, पुन्हा पुन्हा वाढवत नेला, तेरा वर्षं, २३० वेळा, तेव्हा कुठं तो एवढा मवाळ झाला की १९२१ मध्ये पहिल्यांदा एका बाळाला देता आला. आमच्या लाल गायीच्या छातीत जो जंतू बसला त्याच्याच घराण्यातला, फक्त दात काढलेला.

आता हा रोग पसरतो कसा. लंपी आपण सगळ्यांनी पाहिली, २०२२ मध्ये अंगभर गाठी, पाय सुजलेले, जनावरांचे बाजार बंद, गाव घाबरलेलं. लंपी दिसते म्हणून माणूस घाबरतो. टीबी दिसत नाही. जंतू आत गेल्यावर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं जनावर धडधाकट दिसतं, दूध देतं, गाभण राहतं, पोळ्याला सजून उभं राहतं, अन् त्याच काळात कधीतरी श्वासातून, खोकल्यातून जंतू बाहेर टाकायला लागतं. सगळ्यात मोठा रस्ता श्वासाचा. म्हणून एका दाव्याला खेटून बांधलेली, बंद कोठ्यातली, एकाच गव्हाणीत तोंड घालणारी जनावरं सगळ्यात जास्त धोक्यात. दुसरा रस्ता दुधाचा, गायीच्या सडातून वासराच्या पोटात. तिसरा, शेणामुतानं, लाळेनं खराब झालेला चारा अन् पाणी.

जंतू बाहेर किती जगतो ते जागेवर आहे. ओलसर, सावलीच्या, थंड जागी आठवडे, कधी महिने टिकून राहतो. सरळ उन्हात मात्र लवकर मरतो. आता चंद्रपूरचं ऊन कसं असतं ते सांगायची गरज नाही, मे महिन्यात आमच्या अंगणात टीबीचा जंतू सोडा माणूस टिकत नाही. पण आपण करतो काय, गाय उन्हानं मरेल म्हणून कोठा चारी बाजूनं पऱ्हाटीनं, ताडपत्रीनं बंद करतो, आत पाणी मारतो, अंधार करतो. गायीसाठी चांगलं करायला जातो अन् जंतूचीही सोय होते. वरच्या बाजूनं हवा खेळती ठेवली अन् सकाळचं ऊन आत येऊ दिलं तरी बराच फरक पडतो, त्याला पैसा लागत नाही.

देशी गुरांच्या मानानं विदेशी रक्ताच्या, म्हणजे होल्स्टीन, जर्सी अन् त्यांच्या संकरित गायींत हा रोग जास्त सापडतो. त्यात जात किती अन् जातीमुळे आलेली राहणी किती हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण आपली गवळाऊ किंवा कठाणी दिवसभर गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, मागं मोकळ्या हवेत फिरते अन् संकरित गाय चोवीस तास कोठ्यात उभी असते. २००६ च्या पंतप्रधानांच्या शेतकरी मदत पॅकेजपासून विदर्भात दुधाळ जनावरं वाटायची हवा आली, त्यात बाहेरून पुष्कळ गायी आल्या. त्यांच्या चाऱ्याचं काय, पाण्याचं काय यावर तेव्हापासून बोलून झालं. टीबीची तपासणी करून द्या असं म्हणणारा मला तरी आमच्या भागात कोणी भेटला नाही.

देशभराचा अंदाज सांगतो. भारतात झालेल्या वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र बेरीज २०१८ मध्ये छापून आली, त्यात गायीम्हशींमधलं प्रमाण साधारण ७.३ टक्के निघालं, म्हणजे २ कोटी १८ लाखाच्या आसपास गुरं. अमेरिकेत एकूण दुधाळ गायी नाहीत तेवढी आपल्याकडे टीबीची गुरं. हा अंदाजच आहे, जिथं संशय होता तिथंच जास्त तपासण्या झाल्या असतील, पण अर्धा धरला तरी आकडा मोठाच राहतो.

आता टेस्ट. आमच्या गायीची झाली तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. मानेवर दोन जागी केस काढले, तिथली कातडी चिमटीत धरून कॅलिपरनं जाडी मोजली, कागदावर लिहिली, मग वरच्या जागी पक्ष्यांच्या टीबीच्या जंतूचं प्रथिन अन् खालच्या जागी गायीच्या टीबीच्या जंतूचं प्रथिन, दोन्ही एकेक थेंबच, ०.१ मिली, कातडीच्या आत सोडलं. याला ट्युबरक्युलीन म्हणतात. कॉकनंच हे १८९० साली टीबीचं औषध म्हणून आणलं होतं, औषध म्हणून पार फसलं, पण ज्याच्या अंगात जंतू आहे त्याची कातडी याला फुगून उत्तर देते हे लक्षात आलं अन् फसलेल्या औषधाची टेस्ट झाली, ती आजपण जगभर चालते. आपल्या देशात हे द्रव्य बरेलीजवळ इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत बनतं.

इंजेक्शन देऊन डॉक्टर गेले अन् ७२ तासांनी परत आले. हे ७२ तास लक्षात ठेवा, पुढं जंगलाच्या गोष्टीत लागणार आहेत. तिसऱ्या दिवशी वरची जागा १ मिलीमीटरनं फुगली होती, खालची ९ मिलीमीटरनं, हाताला सुपारीएवढी गाठ लागत होती. दोन इंजेक्शनं कशाला तर मातीत, पाण्यात टीबीचे लांबचे नातेवाईक असलेले बरेच निरुपद्रवी जंतू असतात, त्यांची ओळख असलेली गाय पण थोडी फुगते. वरची जागा जास्त फुगली तर ते लांबचे पाहुणे, खालची जास्त फुगली तर घरातलाच चोर. दोन्हीतला फरक ४ मिलीमीटरच्या वर गेला की पॉझिटिव्ह धरतात. आमच्यात फरक ८ चा. काका म्हणाले, "जाऊ द्या ना डॉक्टरसाहेब, मच्छर चावला असंन." डॉक्टर हसले पण नाहीत.

टेस्ट शंभर टक्के नाही. रोगानं पार खंगलेलं जनावर कधी कधी फुगतच नाही, कारण अंगात उत्तर द्यायचीच ताकद राहत नाही. नुकतीच व्यालेली गाय पण फसवते. म्हणून एकदा निगेटिव्ह आली की सुटलो असं नसतं, दोनेक महिन्यांनी परत करावी लागते, अन् त्याच्या आत करूनही उपयोग नाही कारण पहिल्या इंजेक्शननं कातडी थकलेली असते.

आमच्या बाकी सहा जनावरांत एक कालवड पॉझिटिव्ह निघाली. लाल गायीच्या शेजारी बांधलेलीच. म्हैस निगेटिव्ह, बैलजोडी निगेटिव्ह, ते दुसऱ्या टोकाला असतात. रोही कोठ्यात येऊन फक्त या दोघींच्या तोंडावर खोकून गेला असं समजायचं तर समजा.

तरी जंगलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही, अन् इथंच खरी गुंतागुंत आहे. प्रत्येक रोगाचे घरधनी असतात अन् पाहुणे असतात. घरधनी म्हणजे ज्या जातीत तो रोग बाहेरच्या मदतीशिवाय पिढ्यानपिढ्या टिकून राहतो. पाहुणा म्हणजे ज्याला रोग लागतो, तो मरतो पण, पण त्याच्यापासून पुढं जात नाही, तिथंच संपतो. गाय या रोगाची पक्की घरधनीण. जंगलातला कोणता प्राणी घरधनी होतो अन् कोणता पाहुणाच राहतो हे देशोदेशी वेगळं आहे, ते कळल्याशिवाय बंदूक उचलली तर काय होतं ते इंग्लंडला विचारा.

इंग्लंडमध्ये बॅजर म्हणून एक बिळात राहणारा रात्रीचा प्राणी आहे, त्याच्यात हा टीबी टिकून राहतो अन् तिथून गायींत येतो. शेतकरी म्हणाले बॅजर मारा, लोक म्हणाले मारू नका, भांडण एवढं वाढलं की १९९८ पासून २००५ पर्यंत सरकारनं काही भागात मारून, काही भागात न मारता मोठा प्रयोगच केला. जिथं सगळीकडे मारले तिथं आत गायींचा टीबी कमी झाला, पण त्या भागाच्या कडेकडेनं वाढला. कारण बॅजर टोळीनं आपापल्या हद्दीत राहतात, अर्धे मारले की उरलेले हद्द सोडून सैरावैरा फिरायला लागतात अन् रोग सोबत नेतात. म्हणजे बघा, आपल्याकडे रानडुकरांच्या कळपावर फटाके फोडले की ते आपलं वावर सोडून शेजाऱ्याच्या वावरात जातात, तसंच. या प्रयोगाच्या आकड्यांवरून तिथं अजूनही भांडतात.

न्यूझीलंडची गोष्ट उलटी. तिथं पॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी ऑस्ट्रेलियातून केसाळ कातड्यासाठी आणून सोडला होता, तो मातला अन् टीबीचा घरधनी झाला. तिथला तो मुळातला रहिवासी नाहीच, पक्ष्यांची अंडीपण खातो, त्यामुळे मारायला कोणाची ना नव्हती. पॉसम कमी केले, गायींच्या टेस्टा केल्या, जनावराच्या ने-आणीवर कडक नजर ठेवली, नव्वदच्या दशकात दीड हजाराच्या वर बाधित कळप होते ते आता मोजक्यांवर आणले. पूर्ण संपवायचं वर्ष त्यांनी २०५५ ठेवलंय. एवढा पैसा, एवढी शिस्त, तरी २०५५. ऑस्ट्रेलियानं १९७० ला सुरू करून १९९७ मध्ये देश मुक्त जाहीर केला, पण त्यासाठी उत्तरेकडच्या जंगली झालेल्या म्हशी हजारोंनी मारल्या.

मला सगळ्यात जास्त लागली ती दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट. तिथं १९९० मध्ये रानम्हशीत हा टीबी सापडला. आला कुठून, तर दक्षिणेच्या हद्दीला लागून असलेल्या पाळीव गुरांतून. मग तो कळपाकळपानं उत्तरेकडं सरकत गेला, अन् सिंह आजारी रानम्हशी खातात, कमजोर जनावर आधी सापडतं ना, म्हणून सिंहांना टीबी झाला, हडकुळे सिंह दिसायला लागले. तिथं जंगलानं गावाला रोग दिला नाही, गावानं जंगलाला दिला. अमेरिकेत मिशिगनमध्ये हरणांत हा रोग टिकून राहिल्याचं १९९४ पासून दिसायला लागलं, तोही मुळात गुरांचाच, अन् हरणांत टिकला कशानं तर शिकारी लोक हरणं जमावीत म्हणून गाजरं, बीट, मका यांचे ढीग टाकायचे, शंभर हरणं एकाच ढिगात तोंड घालायची. ते ढीग बंद करायला लागले.

आता हे आपल्याकडे लावून बघा. बफरमध्ये एप्रिल-मेमध्ये पाणी किती जागी असतं? बोटावर मोजण्याएवढ्या. दुपारी गायकी दोनशे ढोरं घेऊन ज्या बोडीवर येतो, संध्याकाळी तिथंच चितळ येतं, रात्री डुक्कर लोळतं, रानगवा असला तर तोही येतो. स्पेनमध्ये अशाच उन्हाळी पाणवठ्यांवर रानडुकरं, हरणं अन् गुरं एकत्र येतात अन् टीबी इकडून तिकडं जातो. आपला गवा हा गायीचाच भाऊबंद, तो आजारी पडला तर त्याला टेस्ट करणार कशी? आठवतात ते ७२ तास? गव्याला बेशुद्ध करून इंजेक्शन द्याल, पण तीन दिवसांनी तोच गवा शोधून, परत बेशुद्ध करून कातडी कोण मोजणार. म्हणून जंगलातला टीबी बहुतेक मेलेल्या जनावराच्या फुफ्फुसातल्या अन् लिम्फच्या गाठी कापूनच कळतो, म्हणजे कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून मी म्हणतो जंगलापर्यंत जाऊ न देणं हेच स्वस्त. आजारी ढोर कळपासोबत जंगलात चरायला न पाठवणं, गुरांसाठी आखरावरच, म्हणजे गुरं जमतात तिथंच, पाण्याचं टाकं करणं म्हणजे बोडीवर जावं लागणार नाही, अन् मेलेलं ढोर नाल्यात फेकून न देणं. हे शेवटचं आपण सगळे करतो, मीपण केलंय, जेसीबी कोण बोलावणार म्हणून. रात्री डुकरं अन् कोल्हे येऊन फाडतात, वाघालाही आयतं सापडतं. खोल खड्डा करून पुरायचं, गावानं मिळून एक जागा ठरवली तर खर्च वाटला जातो.

बोव्हिस-बोव्हिस एवढं झालं तरी आपल्या देशात आणखी एक पात्र आहे. वेल्लोरला माणसांच्या ९४० नमुन्यांची जंतूनिहाय ओळख पटवली, २०२० मध्ये छापून आलं, त्यात बोव्हिस एकही नाही अन् मायकोबॅक्टेरियम ओरिगिस नावाचा दुसरा चुलतभाऊ सातांत निघाला. हाच ओरिगिस चेन्नईकडच्या गायींत अन् नेपाळच्या एकशिंगी गेंड्यात पण सापडलेला आहे. म्हणजे आपल्या भागात गुरांचा टीबी म्हणजे फक्त पुस्तकातला बोव्हिसच असं धरून चालत नाही.

माणसाचं काय, हा प्रश्न माझ्या मायनं सगळ्यात आधी विचारला, कारण ती नातवाला धार काढता काढता भांड्यातलं कोमट दूध द्यायची, धारोष्ण दुधानं पोरगं टणक होतं म्हणून. जगात वर्षाला साधारण १ लाख ४० हजार माणसांना जनावरांकडून टीबी होतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दुधातून आला तर तो छातीत कमी अन् मानेच्या गाठीत, पोटात, हाडात जास्त दिसतो. आपल्याकडे म्हातारी माणसं ज्याला गंडमाळ म्हणायची त्यातल्या काही या दुधाच्याच. कोठ्यात काम करणाऱ्याला श्वासातून छातीचाही होऊ शकतो. उपाय एवढा सोपा आहे की लोक हसतात, दूध उकळा. डेअरीवाले ६३ अंशाला अर्धा तास किंवा ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात त्यात हा जंतू मरतो, आपण तर उतू जाईपर्यंत ठेवतो. चहा, खवा, कढवलेलं तूप यांची भीती नाही. भीती कच्च्या दुधाची, न उकळता लावलेल्या दह्याची, त्याच्या ताकाची, लोण्याची. मायला हे पटवायला मला आठवडा लागला, शेवटी "तुह्या आजीनं दिलं म्हणूनच तू वाचला" इथवर आली होती. पोराला दाखवून आणलं, एक्स-रे काढला, काही निघालं नाही.

दोन गोष्टी मात्र माणसांच्या डॉक्टरला आपणहून सांगाव्या लागतात. एक म्हणजे घरी ढोरं आहेत अन् कच्चं दूध पिण्यात होतं, कारण दवाखान्यातलं मशीन टीबी आहे एवढं सांगतं, माणसाचा का गायीचा ते सांगत नाही. अन् टीबीच्या सुरुवातीच्या चार गोळ्यांतली एक, पायराझिनामाइड, तिला बोव्हिस जन्मजात दाद देत नाही. दुसरी उलटी, कोठ्यात काम करणाऱ्या माणसाला टीबी असेल तर तो जनावराला लागू शकतो. आपल्या देशात गायींमध्ये माणसाचा जंतू सापडलेला आहे. खोकणारा गडी असेल तर त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या, गोळ्या फुकट आहेत.

आता अवघड भाग, पॉझिटिव्ह गायीचं करायचं काय. औषध देऊन बरी करू असं म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा. माणसाला सहा महिने रोज गोळ्या लागतात, गायीचं वजन त्याच्या सहा-सातपट, मध्येच सोडलं तर औषधाला न जुमानणारा जंतू तयार होतो अन् तो परत आपल्याच घरात. म्हणून जगात बहुतेक कुठंच हा इलाज करत नाहीत. ज्या देशांनी रोग संपवला त्यांनी पॉझिटिव्ह जनावर कापलं अन् सरकारनं मालकाला पैसे दिले. आपल्याकडे गाय-बैल कापायला कायद्यानं बंदी आहे, महाराष्ट्रात २०१५ पासून बैलसुद्धा त्यात आले, अन् कापू नका म्हणायला कायदा आहे पण टीबीची गाय आयुष्यभर पोसायला पैसा देणारं कोणी नाही. २०१९ पासून केंद्राचा जो मोठा रोग नियंत्रण कार्यक्रम चालू आहे तो लाळ्या-खुरकूत अन् ब्रुसेलोसिस (सांसर्गिक गर्भपात) यांच्यासाठी, टीबी त्यात नाही. मग कास्तकार काय करतो? टेस्टच करत नाही. अन् संशय आला की बाजार दाखवतो. माझी लाल गाय माझ्याकडे अशीच आली असणार, तिच्या आधीच्या मालकाला तो खोकला ऐकू आला असेलच ना.

यावर एक जुना तोडगा आहे, मला तो वाचून फार बरं वाटलं. डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग म्हणून पशुवैद्य होते, १८९० च्या दशकात त्यांच्याकडेही हीच अडचण, शेतकऱ्याला सगळ्या पॉझिटिव्ह गायी कापणं परवडणारं नव्हतं. त्यांनी सांगितलं, टेस्ट करा अन् कोठा दोन भागात वाटा. निगेटिव्ह इकडं, पॉझिटिव्ह तिकडं, पाणी वेगळं, गव्हाण वेगळी, माणूस आधी निरोग्यांकडं जाईल अन् मग आजाऱ्यांकडं. पॉझिटिव्ह गायीचं वासरू जन्मल्याबरोबर बाजूला काढा अन् त्याला निरोगी गायीचं किंवा तापवलेलं दूध पाजा, कारण वासरू पोटातूनच टीबी घेऊन येणं फार कमी होतं, त्याला लागतो तो नंतर. असं करत करत काही वर्षांत निगेटिव्हचा भाग वाढतो अन् पॉझिटिव्हचा आपोआप संपतो. सगळ्या पॉझिटिव्ह गायींना सुरी न लावता. आपल्या कायद्यात, आपल्या मनात अन् गोशाळांत बसणारा याच्यापेक्षा सोपा मार्ग मला दिसला नाही, फक्त त्याला जागा लागते अन् चिकाटी लागते. गोशाळांनी तर हे आधी करावं, तिथं शेकडो टाकून दिलेल्या गायी एका छताखाली असतात.

लसीचं विचाराल तर बीसीजी वासरांना देता येते, इथिओपियात केलेल्या अभ्यासात लस दिलेल्या जनावरांच्या कळपात पसरणं जवळपास ९० टक्क्यांनी कमी झालं, २०२४ मध्ये ते छापून आलं. अडचण एकच, लस दिलेली गाय साध्या ट्युबरक्युलीनला पॉझिटिव्ह दिसू शकते, मग लसीची कोणती अन् रोगाची कोणती ते वेगळं करणारी नवीन टेस्ट सोबत लागते. तोवर विकत घेताना टेस्ट, हाच उपाय. व्यापाऱ्याला सांगायचं की पैसे तिसऱ्या दिवशी, कातडी मोजल्यावर. आणलेलं जनावर दोन महिने वेगळं बांधायचं अन् परत एकदा टेस्ट करूनच कळपात घ्यायचं. कानात १२ अंकी टॅग असतोच, त्याच्यावर गाय कुठून कुठं गेली ते चढवलं तर ट्रकचा माग निघतो. १९६२ नंबरवर फिरता दवाखाना बोलावता येतो, टेस्ट कुठं होईल ते त्यांना विचारा, नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहेच.

आमची लाल गाय आता वावरातल्या आंब्याखाली वेगळी बांधलेली आहे, कालवड तिच्याजवळ. दूध काढतो अन् ओततो, कोणाला देत नाही. मधात लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला, त्याला त्याच घडीला बाजूला नेऊन म्हशीच्या उकळलेल्या दुधावर वाढवलं, त्याची टेस्ट पोळा झाल्यावर करायची आहे. ढेपीचा खर्च चालू आहे.

मागच्या महिन्यात ट्रकवाला आला होता. चाळीस देतो म्हणाला. मी सांगितलं, टीबीची गाय आहे, टेस्टचा कागद आहे माझ्याकडे. तो म्हणाला, "कागद तुह्याजवळ ठेव ना भाऊ, गायीच्या कपाळावर थोडी लिहिलं हाय." नाही म्हटलं अन् चहा पाजून पाठवला. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी झोपायच्या आधी चाळीस हजारात किती पोती ढेप येते त्याचा हिशोब दोनदा केला. काल त्याचा परत फोन आला, बेचाळीस म्हणतो.